पाण्याची पाळी

नकाशाच्या घडीवर पडलंय गाव,
नावातली मधली दोन अक्षरं झिजलीत.
पूर्वेला चुनखडीचा कडा, खाली बदामांच्या पायऱ्या,
नदी म्हणजे उन्हाळ्यात नुसती वाळूची सही.

चारशे वर्षांमागे मनोऱ्यात अजानऐवजी घंटा आली,
पाट खणणारे समुद्रापार हाकलले गेले.
पाट कुठे जाणार उतार सोडून?

ओरोसिया वही उघडते:
गुरुवारी, सूर्य कड्यावर येताच,
मनोऱ्याची सावली आडाला शिवेपर्यंत
पाणी फराजचं.

हा फराज कोण, कुणाला ठाऊक नाही.
त्याच्या तुकड्यात एकच अंजीर, आपोआप उगवलेलं.

‘वाया चाललंय,’ शेजारचा सातुर्निनो कुरकुरतो.
ती रबरी बुटांनिशी पाटात उतरते,
फळी उचलते.
‘पाळी त्याची आहे.’