उपसा

डॉक्टर शम्सा इंग्रजीत बोलतात,
मी ते मराठीत आणते.
असं कुणी आलं की औषधांच्या खिडकीवरून
मला आत बोलावून घेतात.
मी देवरुखची, इसाक परकार बाणकोटचे.
मधे चार खाड्या. मस्कतात त्या मोजत नाहीत.

मत्राच्या बंदरात, टगबोटीच्या इंजिनावर, बावीस वर्षं.
डावं मूत्रपिंड. तिथून फुप्फुसांत.
पडद्यावरचे ठिपके बघून म्हणाले,
"हे तर चण्याएवढंच."

केमो नाही. हा आजार केमोला फारसा जुमानत नाही.
त्यांना बरं वाटलं, केस राहतील म्हणून.
एका गोळीने ते पांढरे होतात, हे मी गाळलं.
मग सांगितलं.
"उरलेत किती, बाय?"

ती गोळी रोज, उपाशीपोटी.
गाठीकडे जाणारं रक्त तोडते.
तळहात सोलवटतात, तळवेही.
त्यांनी हात उलटे केले, सुलटे केले,
पाना धरून धरून पडलेले घट्टे
एकेक दाबून पाहिले.

सलाईन महिन्यातून एकदा:
अंगातले पेंगुळलेले पहारेकरी जागे करते.
कधी ते घरच्यांनाच झोडपतात,
आतड्याला, थायरॉइडला.
किंवा गोळी आणि सलाईन, दोन्ही.
मूत्रपिंड काढायचं का? आत्ता नको.
किंवा तीन महिने काहीच नाही, नुसतं बघायचं,
पुन्हा स्कॅन.
इथे मी अडखळले.
नुसतं बघणं हा उपचार
कुठल्या तोंडाने सांगायचा?

"पन बरा व्हनार का?"
डॉक्टरांनी एकच शब्द वापरला.
मी म्हटलं नियंत्रण. मग म्हटलं ताबा.
मग आटोक्यात.
तिन्ही शब्द चौकीतून आल्यासारखे
टेबलावर उभे राहिले.

"थांब बाय," ते म्हणाले.
"तळाला गळती हाय, गोदी लांब हाय.
मग काय करतात?
उपसा.
पंप बंद नाय करायचा.
बोट चालते.
आमची एक नऊ वर्सं चालली."

मी डॉक्टरांकडे वळले
आणि आता इंग्रजी अपुरं पडलं.
त्या पेन धरून थांबल्या होत्या.
मी हातांनी पाणी उपसून दाखवलं,
वेड्यासारखं, दोनदा.
त्यांनी मान हलवली. हो. तेच.

मग प्रश्न सुटले भराभर.
सलाईन गुरुवारी नको, त्या पाळीला दुसरा माणूस नसतो.
खोलीत आठ जण, फ्रिज एक;
जूनमध्ये गोळी बाहेर टिकेल?
रोजे धरता येतील?
कार्डाची मुदत ऑक्टोबरपर्यंत,
कंपनीला आजाराचं नाव कळवावंच लागतं का?
काहींची उत्तरं होती.

विम्याचं पत्र अजून यायचंय.
हातांसाठी मलमाची ट्यूब मात्र मी आधीच दिली.
त्यांनी ती तिथेच उघडली, वास घेतला,
आणि अजून काहीच न झालेल्या
तळहातांना
सावकाश चोळू लागले.