टोकं

टिटवीनं अंडी घातली ती कालव्याच्या तळाला,
फाट्याच्या तिसऱ्या मोरीपाशी, कोरड्या खडीत.
चार. खडीच्याच रंगाची.

धुळा मासाळ मेंढरं आडवून उभा राहिला.
"पाटकरी, वढ्याच्या तळाला घातली म्हंजी
वढा न्हाय यायचा औंदा."
म्हटलं, हा ओढा नाही. हा टेंभूचा कालवा.
"ते तिला कुठं म्हाईत?"

खरंच, तिला कुठं माहीत.
ती वाळू बघते, उतार बघते,
कावळ्यानं यंदा आंबा सोडून बाभळीत काटक्या नेल्या
तेही बघत असेल.
पण कृष्णेतून टप्प्याटप्प्यानं आटपाडीला चढणारं पाणी
कुठल्या वाऱ्यावर हुंगायचं?
त्याची खूण एकच, माझ्या खिशातला चुरगळलेला कागद :
आवर्तन, गुरुवार, पहाटे.

बुधवारी दिवस मावळताना फावडं घेऊन उतरलो.
खडीसकट उचलायची, जशीच्या तशी, असं ठरवलेलं.
तिनं डोक्यावर घिरट्या घालत सगळं रान उठवलं.
चढताना फावडं कललं,
आणि चारी अंडी टोपीत घ्यावी लागली.

भरावावर टाचेनं खळगा केला, खडी पसरली,
आणि हात थांबला.
टोकं खाली होती, का आडवी?
जितकी टोकं खाली तितके महिने पाऊस,
हे पोरवयापासून ऐकलेलं,
आणि उचलताना बघितलंच नाही.

रोज पाणी मोजून सोडणारा माणूस मी.
दारं किती सूत उचलायची त्यावरून शिव्या खाणारा.
त्या संध्याकाळी कुणी बघायला नव्हतं.
चारी टोकं खाली रोवली.

पहाटे पाणी आलं, मोरीला फेस आणत.
धुळा तोवर खरसुंडीच्या वाटेला लागलेला.
सकाळी जनाक्का हुबाले भरावावरून गेली, वाकली,
आणि दुपारच्या आत गिरणीत पिठासारखी बातमी :
टिटवीनं उंचावर घातली, चारी टोकं खाली,
चार महिने तोटा नाही!
कुणीतरी बाजरीऐवजी सोयाबीनचं बोलायला लागलं.

मी चहा पीत गप्प.

उन्हं कलल्यावर कठड्यावर जाऊन बसलो.
टिटवी अंड्यांवर होती. मला बघून ओरडली नाही.
उठली. मान तिरपी केली.
चोचीनं एक अंडं आडवं केलं,
जरा थांबली,
मग दुसरं.