ट्यूबच्या अंगठ्या

दसरू वलथरे पंक्चर काढायला येत नाही.
त्याच्याकडे सायकलच नाही.
रस्ता ओलांडून येतो, टपरीच्या दारात उकिडवा बसतो
आणि म्हणतो,
"दे ना गा आठ-धा अंगठ्या."

मी ढिगातून एक फाटकी ट्यूब ओढतो,
बावीसची, शाळेतल्या पोरींच्या सायकलची,
आणि ब्लेडनं आडवी कापत जातो,
भेंडीच्या चकत्या कापाव्या तशी.

त्याच्या डब्यात रिळं असतात.
शिंप्याकडची उरलेली, दोन लाल, एक जांभळं,
एक साकोलीच्या बाजारातलं, हिरवं, चमकतं.
कोंबड्याच्या मानेची पिसं, गऱ्या, मेणाचा तुकडा.
गरीवर पीस धरून तो सूत फिरवत राहतो,
बेडकाचं पिल्लू वाटावं असं काहीतरी होतं त्याचं,
आपल्याला नाही वाटत,
बोडीतल्या मरळीला वाटतं.

पण सुताचं टोक.
नायलॉन मिसळलेलं, गुळगुळीत,
बोट सुटलं की आपलं आपणच उतरायला लागतं.
डब्यात रात्रभर चालतं ते.
सकाळी जांभळं लालात, लाल पिसांत, पिसं गरीत,
आणि गरी दसरूच्या अंगठ्यात.
म्हणून अंगठ्या. एक चढवली की रीळ गप्प.

पैसे मी घेत नाही.
पावसाळा सरता सरता पळसाच्या पानात गुंडाळलेली
मरळ येते कधी.
कधी नाही येत.

आता मे महिना आपल्याकडचा तुम्हाला माहीत आहे.
पत्रा दुपारी हात लावू देत नाही,
सोल्युशन डबीतल्या डबीत फुगतं,
रबर आधी चिकटतं, मग तडकतं.
नवतपाच्या तिसऱ्या दिवशी त्यानं डबा आणून उघडला.
आत एकच गोळा.
"सप्पा तुटल्या गा."

मी म्हटलं, रिळाला खाच पाड.
पाडली होती. खाचेची धार सूत कापते.
मेण लाव.
मेणाचा तळाशी डाग उरला होता.
काडी खोच.
काडी पडते.
तिथं माझी अक्कल संपली,
मी हवेचा पंप पुसत बसलो.

समोरच्या ओट्यावर बेनूबाई,
त्याची बायको,
मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता,
पत्र्याच्या नखानं बिडीचं तोंड दाबत होती.
गुलाबी सुताचे तीन फेरे, आणि टोक...
टोक कुठं जातं ते इतकी वर्षं समोर बसून
मी पाहिलंच नव्हतं.

"आना इकडं."
शेवटचा फेरा तिनं बोटावर सैल ठेवला,
टोक त्याच्याखालून काढून ओढलं.
पुन्हा एकदा, उलट बाजूनं.
मग रीळ सरळ रस्त्यावर टाकलं.
ते गडगडत कोंबडीपर्यंत गेलं,
कोंबडी पळाली.
सूत सुटलं नाही.

"रोजच्या हजार बिड्या. एक तरी सुटलेली दिसली का तुमाले?
आन् तुमी रबर शोधून रायले."

तीन उन्हाळे झाले याला.
मोटारसायकली ट्यूबलेस झाल्या,
टपरीत ट्यूब पडतच नाही फारशी.
दसरूला ती गाठ येते. मीच पाहिलंय,
बोडीच्या पाळीवर खिशातून रिळं काढतो,
एकावरही अंगठी नसते.

तरी पंधरा दिवसांनी येतो,
उकिडवा बसतो.
"दे ना गा आठ-धा."

मी विचारत नाही.
बावीसची एक ट्यूब राखलेली असते,
पावडर लावून, सावलीत.
ब्लेड काढतो. चकत्या पडतात.
समोर सूप आपटतं, बेनूबाई वर बघत नाही.
तो एक अंगठी दोन बोटांत ताणतो,
तिच्यातून रस्त्याकडे बघतो,
सोडतो,
परत ताणतो.