ताणा

आमच्या बोरगव्हाणच्या स्टेशन रोडला एकच वळण आहे.
बाकी सगळा रस्ता पट्टीने ओढलेला,
रेल्वे फाटकापासून जिनाच्या चिमणीपर्यंत
एका दमात.
फक्त कोष्टीपुऱ्यापाशी तो अकरा हात बाजूला सरकतो
आणि पुन्हा सरळ होतो,
काही झालंच नाही असा.

त्याआधी गावाला रस्ते नव्हते, बोळ होते.
बोळाची रुंदी, समोरासमोर आलेल्या दोन बंड्यांतली
मागे कोणी घ्यायची यावर ठरलेली,
लांबी एका लुगड्याच्या ताण्याएवढी.
सकाळी खुंट्या ठोकून सूत ताणलं की
पोरं, शेळ्या, पाटलाचा घोडासुद्धा
मागच्या परसातून जायचा.
ताणा ओलांडत नाहीत.
हे कुठं लिहिलेलं नव्हतं.

मग बॉयलर आला.
बारा बैलजोड्या, वाटेत दोन बैल मेले,
आणि वेशीत येऊन तो अडला.
वेस चारशे वर्षांची असेल, नाहीतर दोनशेची,
मोजली कोणी नव्हती.
तीन दिवसांत पाडली.
गढीची पांढरी माती भरावाला गेली,
वेशीचे दगड डाकबंगल्याच्या जोत्याला.
अजून त्यातल्या एकावर अर्धा हत्ती आहे,
पायरीखाली, उलटा.

भोंगा झाला की दिवस निघायचा,
आधीच निघालेला असला तरी.
रुईच्या गाठी त्या सरळ रस्त्याने गेल्या
आणि त्याच रस्त्याने धोतरजोड्या होऊन परतल्या,
कोष्ट्याच्या धोतरापेक्षा दोन आण्यांनी स्वस्त.

पण मी वळणाचं सांगत होतो.

साखळी धरायला मोजणीदाराने माझ्या पणज्याला घेतलं,
डोमा धकातेला.
साखळी तेहतीस फुटांची, सोळा आण्यांची.
डोमाला दिवसाचे तीन.
नाकासमोर चाल, एवढंच काम.
तेलीपुरा, मारोतीचा पार, उकिरड्याची जागा,
सगळीकडून तो नाकासमोर चालला
आणि कोष्टीपुऱ्यात थांबला.
समोर सारजाचा ताणा होता.

‘चाल न बे.’
‘ताणा हाय जी.’
‘मंग?’
‘ताणा हाय.’

चैताची दुपार. साहेब तंबूत.
मोजणीदाराला सावली हवी होती, वाद नको होता.
डोमा साखळी घेऊन ताण्याला वळसा घालून गेला
आणि वहीत वळसा उतरला.
नकाशा अमरावतीला गेला, तिथून आणखी कुठं कुठं,
शिक्का घेऊन परतला तेव्हा
वळण कायद्याचं झालं होतं.

सारजाचं घर मात्र गेलंच.
रस्ता वळला, तरी त्याला रुंदी हवी होती.

हे माझा आजा सांगायचा.
चुलत आजा म्हणायचा, कायचा ताणा,
तठी नाली होती.

मी तालुक्याला भूमी अभिलेखात आहे.
मागच्या महिन्यात ड्रोन उडाला,
रस्ता सरळ करायचा प्रस्ताव आला,
आणि स्क्रीनवर रकाना: वळणाचे कारण.
विहीर. नाला. धार्मिक स्थळ. अतिक्रमण. इतर.
खाली चहाच्या टपरीपाशी एक ट्रक
त्याच वळणावर गिअर बदलत होता,
रोज बदलतो,
तेवढ्या आवाजाने माझ्या टेबलावरचा टाचण्यांचा डबा हलतो.

मी ‘इतर’ दाबलं.
‘इतर’ दाबलं की आणखी एक चौकट उघडते,
पंचवीस अक्षरांपुरती.
‘ताणा’ लिहून झालं.
‘होता’ लिहावं की ‘आहे’,
यावर मी बराच वेळ बसलो.
स्क्रीन काळी झाली,
माउस हलवला, पुन्हा उजळली.