झालंच समजा

बोत्सफ्योर्दच्या धक्क्यावर जानेवारीत
दुपार म्हणजे अंधाराचीच जरा पातळ केलेली पेज.
वजनकाट्याच्या खोलीत एक हीटर, एक खुर्ची,
आणि टेबलाखाली माशांच्या वासाचा संगणक,
ज्याच्याशी मी, तुरगुन, सहा वर्षं बोलते आहे.

आइलिफ होता तेव्हा
प्रत्येक पेटीमागे सगळं थांबायचं.
काटा स्थिरावला, आकडा निघाला,
तबकडी फिरली, आत काही खरवडल्यासारखं वाजलं,
मग हिरवा दिवा.
मग पुढची पेटी.
बाहेर बोटी ताटकळलेल्या,
खलाशी काचेवर हातमोजा आपटायचे:
"म्हाताऱ्या, कॉड आहे रे, सोनं नाही!"
आइलिफ मान वर न करता म्हणायचा,
"टेकू दे."

तो निवृत्त झाला त्याच आठवड्यात
मी एका फाइलमधला एक शब्द खोडला. चार अक्षरं.
रांग वितळली. मला कुणीतरी केक आणून दिला.

आता "लिही" म्हटलं, की म्हणायचं ते, "झालं."
उशीर करणारा सुतार म्हणतो ना,
झालंच समजा,
तसलं झालं.
आकडा अजून मेमरीच्या एका पानावर;
मळकं पान म्हणतो आम्ही त्याला.
मळकं म्हणजे खोटं नव्हे, फक्त न पोचलेलं.
कर्नल अशी पानं साठवतो, तीस सेकंद वगैरे,
आणि एकाच खेपेत सगळी डिस्कवर टाकून येतो.
यात शहाणपणच आहे.
एकेका काडीसाठी रानात कोण जाईल?

मला ठाऊक होतं हे. परीक्षेत लिहिलंही होतं.

सतरा तारखेला, रात्री पावणेदहाला,
वाऱ्यानं खांब आडवा केला.
हीटर आधी गेला की पडदा, आठवत नाही.
उजेड परतला तेव्हा
जर्नलनं आपली घडी नीट घातली,
फाइलव्यवस्था साबूत आहे म्हणाली, एकही चूक नाही.
साबूत होतीच.
फक्त अकरा पेट्या
कधी तोलल्याच गेल्या नव्हत्या.

बोट ओडमुनची. पेट्या तोवर
इतरांच्या माशांत मिसळून बर्फाखाली.
मी म्हटलं, "तुम्हीच सांगा आकडे, मी लिहीन."
आणि म्हणताना नजर काट्यावर ठेवली, त्याच्यावर नाही.

त्यानं तेलकट अंगरख्याच्या आतून वही काढली.
पेन्सिलीची. शाई पाण्याला घाबरते, म्हणाला.
पेटी उतरताना काचेतून आकडा वाचायचा,
हातमोजा दातांनी ओढायचा, लिहायचा,
मगच पुढच्या पेटीला हात घालायचा.
बावीस वर्षं.
त्यातली सहा मी काचेच्या आत बसून
वैतागले होते, की हा रांग अडवतो.

अकरा आकडे. एक खोडून कमी केलेला.
"त्या पेटीत बर्फ जास्त होता," म्हणाला,
"तुझा काटा फसला."

तो शब्द मी परत लिहिला नाही.
पेटीपेटीला थांबणं आता कुणाला परवडत नाही,
मलाही नाही.
पण प्रत्येक बोटीच्या शेवटी तीन ओळी घातल्या:
आहे ते सगळं खाली उतरव,
उतरेपर्यंत मला उत्तर देऊ नकोस,
आणि अडलंच, तर "झालं" म्हणू नकोस.
डिस्कच्या पोटातही एक चिमुकली मेमरी असते,
ती तर कर्नललाही "झालं" म्हणून मोकळी होते.
तिची सवय मोडायला एक रविवार गेला.

आता पावती निघण्याआधी
एक क्षण काहीच होत नाही.
ओडमुन पेन्सिल तोंडात धरून उभा असतो.
मी हिरव्या दिव्याकडे बघत असते.
मागचे लोक म्हणतात, प्रिंटर म्हातारा झाला.
म्हणोत.