दम लागायची जागा

तपकीर गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
ललवाणींनी विचारलं, "चालवायचंय काय यावर?"
म्हटलं, जुने टीव्ही गेम. कॅसेटवाले.
आणि त्यानंतरचा एक, चकतीवाला,
जो आमच्याकडे कधीच नव्हता,
समोरच्या दातारांकडे होता.

ते हसले नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"म्हणजे नव्या यंत्रानं जुन्याचं सोंग घ्यायचंय.
ताई, सगळी सोंगं आणता येतात—"
"पैशाचं येत नाही," मी म्हटलं. "बावीस हजार."

"मग कोअर मोजत बसू नका.
बारा कोअर म्हणजे बारा शिंपी आणि सुई एकच.
इथं हात एकच लागतो, पण चपळ.
रॅम सोळा. आठात भागेल, पण भागवू नका.
ग्राफिक कार्ड राहू दे, नुसतं चकाकतं."
इर्शादनं आतून एक डबा आणला,
हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीतून निघालेला.
कडेला अजून चिकटलेला मालमत्ता क्रमांक
आणि कुणाचं तरी आडनाव, नखानं अर्धं खरवडलेलं.

मला कळेना. गेम तो केवढासा,
मोबाइलच्या एका फोटोत शंभर मावतील.
त्याला एवढा घोडा कशाला?

"नक्कल करणाऱ्याला जास्त राबावं लागतं.
मूळचा गडी पाऊल टाकायचा आणि मोकळा व्हायचा.
यानं आधी ताडायचं, त्याचा पाय कुठं पडला असता,
सावली कुठं, आवाज कुठं,
मग टाकायचं.
आणि उशीर झालेला दिसता कामा नये."

उशीर मला दिसतो.
भोसरीच्या टूलरूममध्ये एकवीस वर्षं,
दोन शतांश मिलिमीटर बोटाला कळतात.
बिनवायरची जॉयस्टिक दाबून बघितली:
बटण, मग किंचित काहीच नाही, मग उडी.
ते किंचित नको होतं.
वायरवाल्या दोन घेतल्या.

दोन कशाला, ते ललवाणींनी विचारलं नाही.

गुरुवारी हेरंब येणार होता,
कर्वेनगरच्या फ्लॅटच्या सहीसाठी.
चार वर्षं आमच्यात कागदच बोलतायत,
तेही वकिलाच्या मराठीत.
"गुरुवारी लाइट जातात तुमच्याकडे? छोटा यूपीएस टाकतो."
झाले पंचवीस.

तो आला. तिन्ही ठिकाणी सही केली, पेन झटकत.
चहा नको म्हणाला.
चपला घालता घालता डबा दिसला. "हे काय?"
मी दुसरी जॉयस्टिक पुढे केली.
एका पायात चप्पल तशीच, तो बसला.

पाचवी पातळी, पुलावरची.
तिथं शत्रू फार व्हायचे आणि आमच्या यंत्राला दम लागायचा,
सगळं विहिरीच्या तळाशी चालल्यासारखं,
आणि तेवढ्या संथपणात
हेरंब मला पलीकडे काढायचा.

नव्याला कशाचा दम लागतोय.
आम्ही भराभर मेलो. चारदा.
"चुकतंय," तो म्हणाला, "इथं अडायचं ना ते."
मग सेटिंगमध्ये शोधत बसलो,
त्याचा चष्मा माझ्या नाकावर, कारण माझा सापडेना.
तिसऱ्या पानावर, तळाला, एक चौकोन:
मूळ यंत्राइतकंच अडखळू द्यावं का?
टिचकी.

पूल आला. यंत्राला हुबेहूब दम लागला.
प्रोसेसर नऊ टक्क्यांवर, मांडी घालून बसलेला,
आणि पडद्यावर ती धाप.
"मागे राहू नकोस," तो म्हणाला,
दात आवळून, तस्साच, "पुढे हो, पुढे हो."

पंखा थांबला. लाइट गेले.
टेबलाखाली यूपीएस टिटवीसारखा ओरडायला लागला.
पूल निम्मा उरला होता.

"किती मिनिटं?" नजर न हलवता त्यानं विचारलं.
"सात," मी म्हटलं.