दुप्पट

कुताइसीत त्या हिवाळ्यात वीज यायची ती दोन तास,
कधी पहाटे तीनला, कधी नाहीच.
बाकीचा वेळ रॉकेलच्या दिव्याशी
त्सियाला बाई आणि मी
इस्पितळाचं ईसीजी यंत्र कागदावर उघडून बसायचो.

दोन ट्रान्झिस्टर, जुळे.
दोघांचे एमिटर एका गाठीत,
गाठीखाली एकच रेझिस्टर, दहा किलोओहमचा,
डोक्यावर दोघांना आपापला, तोही दहाचा.
"दोन्ही बेसवर सारखंच काही आलं
तर बाहेर किती जाईल?"

मी लिहिलं: दहा भागिले दहा. एक.
बाईंनी पाव चघळत
एकाखाली दोन लिहिला.
"अर्धा. खालच्यातून दोघांचाही प्रवाह जातो, बद्री.
एकाचं पाऊल पडलं की दुसऱ्याचंही पडतं,
म्हणून प्रत्येकाला तो वीसचा वाटतो."
मग रेझिस्टर मधोमध चिरून
वीस-वीसचे दोन काढले,
मधली तार खोडरबरानं पुसली.
"तिच्यातून तसंही काही वाहत नव्हतं."

"आणि एक वर, एक खाली गेला तर?"
"तर गाठ जागची हलत नाही.
रेझिस्टर असून नसल्यासारखा."

वाटून घेतलं की ओझं निम्मं होतं,
असं मी ऐकत आलो होतो.
त्याच वर्षी वडील गेले.
मी आणि नुगझार एकाच वेळी गप्प,
एकाच वेळी उठायचो,
एकाच खुर्चीकडे बघायचं टाळायचो,
आणि घर दुप्पट जड.
एका रात्री बाबांच्या टोपीवरून तो हसत सुटला,
नेमका मी रडत असताना.
त्या रात्री मी जेवलो.

बाईंना हे सांगितलं नाही.

वीज आली. गल्ली ओरडली, कुणी रेडिओ लावला,
आणि यंत्राची रेघ केसाळ झाली:
भिंतीतला पन्नास हर्ट्‌झचा घुंगाट
माझ्या दोन्ही मनगटांवर सारखाच चढलेला.
बाईंनी तो दहाचा उपटला,
तिथे तिसरा ट्रान्झिस्टर बसवला,
काही झालं तरी प्रवाह ढळू न देणारा.
रेघेचे केस झडले. थोडे राहिले.
"हे राहणार. जुळे म्हटले तरी दोघं दोनच असतात."

मग त्यांच्या चपट्या प्लास्टिकच्या पाठी
एकमेकींना टेकवून
तांब्याच्या तारेनं करकचून बांधल्या,
एक तापला तर दुसराही तेवढाच तापावा म्हणून.

कागदावर माझा ठोका निघाला,
बारीक, जरा तिरका.
दुसरा निघता निघता वीज गेली.